कैदी खापरपणजोबा, ऐंशीचे सासरे आणि एक फोटो

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. विचारणारे मूळचे नाशिकचे, राहायला मेलबर्नला, बायको ऑस्ट्रेलियन. सासरे जिलाँगला असतात आणि ऑगस्टमध्ये ऐंशी पूर्ण करतील. त्यांचे खापरपणजोबा १८४२ साली सात वर्षांची शिक्षा होऊन इंग्लंडहून टास्मानियात आलेले कैदी होते, हे घरात अलीकडेच कळलंय. इंटरनेटवर त्याच नावाच्या एका कैद्याचा फोटो मिळाला, मागे लिहिलंय ‘पोर्ट आर्थर, १८७४’ (पोर्ट आर्थर म्हणजे टास्मानियातली कैद्यांची वसाहत). आता बेत असा की पट्ट्यापट्ट्यांचा कैद्याचा पोशाख भाड्याने आणायचा, फॅन्सी ड्रेसचं निमित्त सांगून सासऱ्यांना त्याच पोझमध्ये बसवायचं आणि दोन्ही फोटो एका फ्रेममध्ये घालून वाढदिवसाला सरप्राईज द्यायचं. त्यांचा प्रश्न एवढाच, की लेन्स कोणती वापरू आणि जुना सेपिया लुक कसा आणू?

लेन्सचं उत्तर एका ओळीचं आहे. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ८५ ते १०५ मिलिमीटर, अडीच-तीन मीटरचं अंतर, एफ ५.६ ते ८. सेपियाचं पुढे बोलू. पण तुमचं अडणार आहे ते लेन्सपाशी नाही. फोटोतला माणूस नक्की तोच आहे का? सासऱ्यांना हे चालणार आहे का? आणि दोन फोटो शेजारी ठेवून तुम्हाला दाखवायचंय तरी काय, चेहरा सारखा आहे हे, की आणखी काही? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कॅमेरा हा अर्ध्या तासाचा खेळ आहे.

मी टास्मानियात, होबार्टमध्ये, सतरा वर्षं पोर्ट्रेटं काढतोय. त्याआधी साताऱ्याला वडिलांच्या स्टुडिओत होतो, पासपोर्ट फोटो आणि लग्नं. इथे आल्यावर हळूहळू कैद्यांच्या वंशजांचे फोटो हेच माझं निम्मं काम होऊन बसलं. त्यामुळे खाली लिहितो ते चुका करून शिकलेलं आहे. काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. सासऱ्यांचा स्वभाव तुम्ही जाणता, मी नाही.

आधी माणसाची खात्री. नुसत्या नावावर जाऊ नका. व्हॅन डिमेन्स लँडमध्ये (१८५६ पर्यंत टास्मानियाचं नाव हेच होतं) सुमारे ७५,००० कैदी उतरले. त्यांत जॉन स्मिथ आणि विल्यम जोन्स किती असतील, तुम्हीच विचार करा. म्हणून इथे कैद्याची ओळख सांगायची ती नाव अधिक जहाज अशी. आपल्याकडे कुणी पाटील म्हटलं की ‘कुठले पाटील?’ विचारतात, तसं इथल्या जुन्या कागदांत रमणारी माणसं पहिल्यांदा विचारतात, ‘जहाज कुठलं?’ तुमच्या प्रश्नात जहाजाचं नाव कुठेच नाही, आणि मला तिथेच शंका आली.

वयाचा हिशेब जुळतोय म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. १८४२ ला विशीत असलेला माणूस १८७४ ला पन्नाशीत असणार आणि फोटोतला माणूस पन्नाशीचाच दिसतो. पण त्या वेळचे पोर्ट आर्थरचे फोटो बघाल तर बरेचसे चेहरे त्याच वयाचे आहेत. टास्मानियात नवे कैदी आणणं १८५३ साली थांबलं. पोर्ट आर्थर बंद पडलं १८७७ ला. मधल्या काळात तिथे उरले ते तिथेच म्हातारे झालेले, नाहीतर सुटून पुन्हा पुन्हा आत आलेले. म्हणजे वय जुळलं याचा अर्थ फारसा काही होत नाही.

उलट तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट फोटोच्या विरोधात जाते. घरची आठवण अशी की खापरपणजोबा सोन्याच्या मागे बॅलरॅटला आले आणि घराणं तेव्हापासून व्हिक्टोरियातच आहे. हे अगदी पटण्यासारखं आहे. सात वर्षांची शिक्षा १८४९ च्या सुमारास संपली, १८५१ ला व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि सुटलेल्या कैद्यांची रीघ बासची सामुद्रधुनी ओलांडून तिकडे लागली. मग बॅलरॅटला संसार थाटलेला माणूस १८७४ ला पोर्ट आर्थरच्या तुरुंगात कसा? परत जाऊन पुन्हा सापडला असेल तर शक्य आहे, अगदीच अशक्य म्हणत नाही. पण मला विचाराल तर फोटो दुसऱ्याच कुणाचा असावा.

इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझंच एकदा हसं झालंय. एका कुटुंबाने आणलेला जुना फोटो मी काहीही न तपासता वापरला, आजींचं पोर्ट्रेट त्याच्या शेजारी बसवून छान फ्रेम करून दिली. आठ महिन्यांनी त्यांच्या एका चुलतबहिणीने कागद काढले. नाव तेच, पण जहाज वेगळं. आठ महिने आजींच्या शेजारी भलताच माणूस भिंतीवर टांगलेला! मी पैसे परत द्यायला गेलो, नवी फ्रेम करून देतो म्हणालो. आजी म्हणाल्या, ‘राहू दे रे, आता मला त्याची सवय झालीये.’ ती फ्रेम अजून तिथेच आहे. आता मी जहाज कळल्याशिवाय कॅमेऱ्याची बॅग उघडत नाही.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. लायब्ररीज टास्मानियाची नावांची सूची ऑनलाइन आहे आणि मूळ पानांची छायाचित्रंही तिथेच बघता येतात. १८४२ ला आलेल्या पुरुषाची वर्तणुकीची नोंद बहुधा ‘कॉन ३३’ या मालिकेत सापडेल. बहुतेक एका पानाला एक माणूस. ते पान उघडलंत की जरा दम धरून वाचा, कारण कारकुनाचं अक्षर आणि त्याची लघुरूपं अंगवळणी पडायला दोन-तीन दिवस जातात.

त्या पानावर काय असतं? धंदा, उंची, वय. मग चेहऱ्याचा अक्षरशः पंचनामा. कातडीचा रंग, डोकं, केस, कल्ले, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी. जन्मगाव. शेवटी शेरा, आणि खरी गंमत त्या शेऱ्यात. डाव्या दंडावर नांगर गोंदलेला, मनगटावर कुणाची तरी आद्याक्षरं, अंगठ्याजवळ निळे ठिपके, उजव्या भुवईवर व्रण, करंगळीचं पेर तुटलेलं. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून सरकारने हे टिपून ठेवलं. खाली गुन्हे आणि शिक्षा. दारू पिऊन सापडला, उद्धटपणे बोलला, कामावर गैरहजर. अमुक दिवस एकांतकोठडी, तमुक फटके. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या या दप्तराची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदीत निवड झाली, ती उगाच नाही.

माझं म्हणणं असं की सासऱ्यांच्या खापरपणजोबांचं पोर्ट्रेट हेच पान आहे. १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले. फोटोची कला जगासमोर आली १८३९ ला. म्हणजे कित्येक जण कॅमेरा बघायच्या आतच मेले, आणि सुटून गुमान शेती करत राहिले त्यांचा फोटो काढायचं सरकारला कारण नव्हतं. तुरुंगाचा फोटो असणं ही एका अर्थी दुर्दैवाची खूण आहे, माणूस १८७० नंतरही आतच होता याची. खापरपणजोबांचा फोटो नसेल तर हळहळू नका. नसणं ही चांगली बातमीच असायची शक्यता जास्त.

आणि समजा, जहाज तपासल्यावर फोटो त्यांचाच निघाला, तर तो काय चीज आहे हेही समजून घ्या. तुम्ही त्याला मगशॉट म्हटलंय. समोरून एक, बाजूने एक, मागे उंचीची पट्टी, हा प्रकार पॅरिसच्या पोलिसांतल्या बर्तियोंने १८८० च्या दशकात रूढ केला. पोर्ट आर्थरचे फोटो त्याच्या आधीचे. होबार्टच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर टॉमस नेव्हिन नावाच्या फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. यांतले बरेच फोटो त्याचे मानले जातात, पण ते खरंच त्याने काढले का यावर इथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. ते कुणीही काढले असोत, रीत मात्र गावातल्या व्यापाऱ्याचा फोटो काढावा तशीच आहे. खुर्चीत बसवलेलं, मान जराशी वळवलेली, नजर कॅमेऱ्यात नाही, कडा अंडाकृती विरघळलेल्या, तळहातात मावेल एवढं कार्ड. गुन्हेगाराचा म्हणून वेगळा असा फोटो काढायची पद्धत अजून कुणाला सुचलेलीच नव्हती. त्याच पोर्ट आर्थरच्या सेपरेट प्रिझनमध्ये कैदी कोठडीबाहेर आला की त्याच्या तोंडावर बुरखा चढवत, नावाऐवजी नंबराने हाक मारत. चेहरा झाकायचा आणि चेहरा टिपायचा, दोन्ही हुकूम एकाच आवारात.

या फोटोंत पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख तुम्हाला कुठेही दिसणार नाही. ते पट्टे अमेरिकेतल्या तुरुंगांचे, आपल्यापर्यंत सिनेमातून आले. इथल्या कैद्यांना शिक्षा म्हणून पिवळे कपडे असत, किंवा अर्धे पिवळे अर्धे काळे, ज्याला इथल्या काळ्यापांढऱ्या पक्ष्यावरून ‘मॅगपाय’ म्हणत. सरकारी माल म्हणून कपड्यांवर बाणाची खूण. १८७४ च्या फोटोंत दिसतं ते जाडंभरडं जॅकेट आणि गळ्याला गुंडाळलेला रुमाल, बस्स. म्हणजे भाड्याचा पोशाख ऐतिहासिकदृष्ट्याही चूकच. पण तो बरोबर असता तरी मी नको म्हटलं असतं. जुन्या फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, बस म्हणाले की बसायचं. तुमच्या सासऱ्यांना नाही म्हणता येतं. दोन फोटोंमधला खरा फरक तोच आहे, आणि पोशाख घातलात की नेमका तोच पुसला जातो.

नेड केली या इथल्या गाजलेल्या दरोडेखोराचं नाव तुम्ही ऑस्ट्रेलियात राहून ऐकलं असेलच. त्याचा बाप जॉन केली हा १८४१ साली आयर्लंडमध्ये दोन डुकरं चोरल्याबद्दल शिक्षा होऊन व्हॅन डिमेन्स लँडला पाठवलेला कैदी. नेडचा तरुणपणी तुरुंगात काढलेला फोटो आहे, आणि फाशीच्या आदल्या दिवशी, १० नोव्हेंबर १८८० ला काढलेलाही आहे. पहिला सरकारने स्वतःसाठी काढला. दुसरा त्याने घरच्यांसाठी म्हणून मागून घेतला. फोटोग्राफीतलं काहीही माहीत नसलेल्या माणसापुढे दोन्ही ठेवा, कुठला कोणता ते तो सांगेल.

आता चेहऱ्याच्या साम्याबद्दल. लोक माझ्याकडे येतात तेव्हा निम्म्यांना हेच हवं असतं: ‘बघा, डोळे अगदी तेच!’ खापरपणजोबा-खापरपणजी मिळून प्रत्येकाच्या मागे सोळा माणसं असतात. तुमचे हे कैदी त्यांतले एक, त्यांच्याकडून आलेला वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. कधी कान सारखे निघतात, कधी कपाळ, पण बहुतेक वेळा सारखी असते ती दाढी आणि मान वळवायची पद्धत. मी मागे गंमत म्हणून घरी आलेल्या पाहुण्यांपुढे चार जुने आणि चार नवे फोटो पिसून ठेवले आणि जोड्या लावायला सांगितल्या. सगळ्यांनी छातीठोक लावल्या, कारणंही दिली, नाक, जिवणी, काय काय. एकही जोडी बरोबर नव्हती. ‘साम्य’ हे फोटोग्राफर तयार करतो, सारख्या उजेडाने आणि सारख्या पोझने. त्यात वाईट काही नाही, पण आपण काय करतोय ते आपल्याला ठाऊक असावं.

मग साम्य नाही तर काय दाखवायचं? एक प्रसंग सांगतो, त्यावरून कळेल. इथला एक निवृत्त बस ड्रायव्हर, सहा फूट दोन इंच, खांदे दारात मावत नाहीत असा. त्याच्या आईकडची एक पूर्वज कैदी होती, होबार्टच्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत, म्हणजे बायकांच्या तुरुंगात, काही काळ होती. तिचा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदीत उंची होती, चार फूट अकरा इंच. मी त्याला विटांच्या भिंतीपाशी नेलं, टेप लावून बरोबर चार फूट अकरावर खडूने आडवी रेघ मारली आणि म्हटलं, ‘इथपर्यंत.’ तो शेजारी जाऊन उभा राहिला. रेघ त्याच्या खांद्याच्याही खाली. थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग न सांगताच त्याने हात उचलला आणि रेघेच्या वर तळवा आडवा धरला, आपण लहान पोराची उंची दाखवताना धरतो तसा. मी बटण दाबलं. त्या दिवशी काढलेल्या साठेक फोटोंपैकी ठेवण्यासारखा तो एकच. त्या फोटोत ती आहे. तिचा चेहरा नाही, पण ती आहे.

तेव्हा तुम्हीही त्या पानातली एक गोष्ट उचला. उंची असेल, गोंदण असेल, धंदा असेल. खापरपणजोबा सुतार होते आणि सासऱ्यांच्या शेडमध्ये रंधा असला तर मग विचारायलाच नको.

सरप्राईज मात्र नको. माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. आज इथली तरुण मंडळी पूर्वज कैदी निघाला की पार्टी करतात, पण तुमचे सासरे वाढले १९५० च्या दशकात, आणि तेव्हा हा विषय कित्येक घरांत काढत नसत. ‘डाग’ हाच शब्द होता. व्हिक्टोरियात तर जास्तच, कारण तिथल्या सरकारने १८५२ साली टास्मानियाच्या कैद्यांना रोखायला कायदाच केला होता. तिकडून आलेला माणूस मग आपण कुठून आलो हे पोरांनाही सांगत नसे. माझ्या एका ग्राहक बाईंनी आईच्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाला असंच केलं, भर जेवणात फ्रेम उघडली. आई ‘छान आहे’ म्हणाली आणि पुढे तासभर बोलली नाही. नंतर कळलं की तिला लहानपणापासून माहीत होतं, वडिलांनी कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. साठ-सत्तर वर्षं तिने ती पाळली होती. आपल्या भाषेत या नात्याच्या नावातच खापर आहे; ते वाढदिवसाच्या दिवशी चारचौघांत म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुटू नये.

तेव्हा सासूबाई असतील तर आधी त्यांच्याशी बोला, मग बायकोला पुढे करा. लेकीने बापाला विचारलेलं बरं, जावयाने नाही. नाही म्हणाले तर विषय संपला, साधं छान पोर्ट्रेट काढा. हो म्हणाले तर त्यांना पान पूर्ण वाचून दाखवा, गुन्ह्यासकट. ‘भाकरीसाठी चोरी केली बिचाऱ्याने’ ही कहाणी सगळ्यांना हवी असते आणि कधी ती खरीही असते. पण कधी पानावर मारहाण असते, कधी बलात्कार. जे असेल ते फोटोच्या आधी कळलेलं बरं.

इतकं झालं, म्हणजे जहाज कळलं, सासरे हो म्हणाले आणि पानातली एक गोष्ट निवडली, की मग कॅमेरा काढा.

उजेडाची गोष्ट पहिली, कारण इथे भारतातून आलेला प्रत्येक जण फसतो, मीही फसलो. वडिलांनी शिकवलेलं, पुस्तकांतही तेच, की पोर्ट्रेटला उत्तरेची खिडकी. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी उत्तरेची खिडकी शोधत होतो आणि डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून पडदे लावत होतो. आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत! इथे सूर्य उत्तरेकडून जातो, मऊ उजेड मिळतो तो दक्षिणेच्या खिडकीत. सासऱ्यांना खिडकीपासून साधारण मीटरभर आत बसवा, पलीकडच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरायला कुणाला तरी उभं करा. हिवाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी दोन एवढाच काळ हाताशी धरा.

जुना फोटो खरा निघाला आणि जोडी लावायचीच असेल, तर त्याची प्रिंट ट्रायपॉडला चिकटवा. नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीये ते बघा, खिडकी त्याच बाजूला ठेवा. कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या पातळीला. कॅमेरा लॅपटॉपला जोडून जुना फोटो अर्धपारदर्शक करून वर ठेवता आला तर डोक्याचा आकार चटकन जुळतो. त्या काळी एक्स्पोजर काही सेकंदांचं असे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी स्टँडचा आधार देत. चेहऱ्यावरचा तो ताठरपणा स्वभावाचा नाही, स्टँडचा आहे. सासऱ्यांना उंच पाठीची खुर्ची द्या, तेवढं पुरे. दोन्ही तऱ्हा काढा: एकदा जुन्यासारखी नजर बाजूला, एकदा थेट लेन्समध्ये. मी नेहमी दुसरी निवडतो. जुना माणूस दुसरीकडे बघतोय आणि नवा आपल्याकडे, एवढ्यातच बरंच काही येतं.

सेपियाचं आता. जुने फोटो वेगळे दिसतात ते तपकिरी रंगामुळे नव्हे. ओल्या काचेच्या त्या पद्धतीला, वेट प्लेटला, निळा उजेड दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. म्हणून निळे डोळे पांढुरके येत आणि गालाची लाली, वांग, उन्हाचे डाग काळेकुट्ट. तुम्हाला तो भास हवा असेल तर फोटो रंगीत काढा आणि कृष्णधवल करताना निळा चॅनेल वर घ्या. पण सांभाळून! मी हे नवीन शिकलो तेव्हा उत्साहाच्या भरात एका सत्तरीच्या बाईंचा फोटो निव्वळ निळ्या चॅनेलवर केला. आयुष्यभर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात बागकाम केलेली बाई, सगळा चेहरा डागांनी भरला. त्यांनी प्रिंट हातात धरली आणि म्हणाल्या, ‘मी मेल्यावर अशी दिसेन का?’ आता मी तिसऱ्या हिश्शापुरताच निळा घेतो, बाकी नेहमीसारखं. सासऱ्यांचा फोटो नुसता स्वच्छ कृष्णधवल ठेवलात तरी काही बिघडत नाही.

फोटो खापरपणजोबांचा नाही असं ठरलं, तर मी काय केलं असतं ते सांगतो. नोंदीच्या पानाची मोठी प्रिंट काढून टेबलावर पसरली असती आणि सासऱ्यांना त्यावर हात ठेवून बसवलं असतं. हात महत्त्वाचे. पोर्ट आर्थरच्या त्या कार्डांवर हात सहसा दिसतच नाहीत, फोटो छातीपाशी संपतो. पण कारकुनाने हातांबद्दल मात्र लिहून ठेवलंय, गोंदण, व्रण, तुटकी बोटं. तेव्हा हातांना चौकटीत घ्या. म्हाताऱ्या माणसाचे हात नाहीतरी चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात आणि कॅमेऱ्यापुढे लाजत नाहीत.

प्रिंटबद्दल दोन गोष्टी. जुनं कार्ड फुगवून नव्या फोटोएवढं करू नका. मूळ कार्ड साधारण सहा बाय दहा सेंटिमीटरचं, ते तेवढंच ठेवा आणि जमल्यास नवाही त्याच आकारात काढा. माणसं वाकून बघतात, हातात घेतात, भिंतीवरच्या पोस्टरला कुणी हात लावत नाही. हक्कांची काळजी नको, ऑस्ट्रेलियात १९५५ च्या आधी काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट संपलेला आहे. पण ज्या संग्रहातून घेतलात त्याचं नाव मागे जरूर लिहा. खाली मजकूर सासऱ्यांना स्वतःच्या हाताने लिहू द्या. नाव, जहाज, साल, आणि पुढे त्यांना वाटेल ते, किंवा काहीच नाही. ‘हा देश वसवणारे आमचे पूर्वज’ असलं काही छापून घेऊ नका. टास्मानियाचे मूळ रहिवासी, पालावा लोक, त्या बेटावर हजारो वर्षं राहत होते आणि कैद्यांच्या वस्त्या त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिल्या.

तुम्ही जाता जाता विचारलंय की असं काम आपल्याकडे कुणी करावं का. करण्यासारखं पुष्कळ आहे. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, पण तिथली कैद्यांची वसाहत १८५८ पासूनची, आणि शिक्षा भोगून तिथेच लग्न करून राहिलेल्या साध्या कैद्यांची मुलं-नातवंडं आजही पोर्ट ब्लेअरला आहेत. त्यांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. आणि आमच्या साताऱ्याच्या डोक्यावर, महाबळेश्वरला, १८३४ ते १८६४ चिनी आणि मलाय कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडून जहाजाने मुंबईला आणलेली ती माणसं तिथे भाजीचे मळे करत, वेताचं काम करत. लहानपणी आम्ही सहलीला जाऊन मक्याची कणसं खाऊन परत येत होतो, हे कुणी सांगितलंच नाही.

तुमच्याकडे ऑगस्टपर्यंत वेळ आहे. या आठवड्यात फक्त जहाज शोधा. पान सापडलं आणि अक्षर लागलं नाही तर त्या पानाचा फोटो मला पाठवा, शेऱ्याचा कोपरा जरा जवळून घ्या.